पेढी आणि पत : बँकेने स्वतःवर काढलेला धनादेश

जुन्या पेढीवर हुंडी आली की अनुभवी मुनीम रकमेकडे सर्वांत शेवटी पाहत असे. त्याआधी तो तीन गोष्टींची खात्री करून घेई. हुंडी कोणी काढली, कोणावर काढली आणि ती हाती घेऊन आलेला मनुष्य कोण. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तरच हुंडी सकारली जाई. अठराव्या शतकात मुर्शिदाबादच्या जगतशेठ घराण्याच्या हुंडीवर बंगालचा महसूल दिल्लीस पोहोचत असे आणि वाटेत नाण्यांची एकही थैली न्यावी लागत नसे. कागदाच्या त्या तुकड्याचे मोल अक्षरांत नव्हते, ते काढणाऱ्याच्या पतीत होते.

काळ बदलला, हुंडीची जागा बँकांच्या कागदांनी घेतली. परंतु ते तीन प्रश्न आजही तितकेच उपयोगी आहेत, आणि त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचा विसर पडल्यामुळे आज परदेशांत सुशिक्षित तरुणांचीही फसवणूक होते. व्यापारी घराण्यांतील अनेक मुलेमुली शिक्षण, नोकरी किंवा व्यवसायासाठी अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. घर भाड्याने घेताना, जुनी मोटार विकताना किंवा दुकानाचा सौदा करताना त्यांच्यासमोर 'कॅशियर्स चेक' हा शब्द कधी ना कधी येतोच. हा धनादेश नेमका कसा चालतो, तो कोठे वटवावा आणि त्यावर विश्वास कोठवर टाकावा, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असणे हिताचे आहे. कारण अडचण आली की सल्ल्यासाठी पहिला फोन घरीच येतो.

कोणी काढला, कोणावर काढला

साधा धनादेश म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला आदेश. खात्यात रक्कम नसेल तर तो परत येतो. कॅशियर्स चेकमध्ये आदेश देणारी आणि आदेश पाळणारी अशा दोन्ही बाजूंना एकच बँक असते. बँक स्वतःच स्वतःवर धनादेश काढते. अमेरिकेतील राज्यांनी स्वीकारलेल्या एकसमान व्यापारी संहितेत त्याची व्याख्याच अशी आहे.

ग्राहक बँकेत जातो, रक्कम आणि ज्याला पैसे द्यायचे त्याचे नाव सांगतो. बँक तेवढी रक्कम त्याच्या खात्यातून त्याच क्षणी वळती करून घेते आणि स्वतःच्या अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने धनादेश देते. रक्कम देणाऱ्या ग्राहकाचे नावही बहुधा कागदावर छापलेले असते. त्या क्षणापासून पैसे देण्याची जबाबदारी ग्राहकाची न राहता बँकेची होते. खात्यात शिल्लक नसल्यामुळे हा धनादेश परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. बँकेने अकारण पैसे नाकारले तर झालेला खर्च आणि व्याज तिच्याकडून मागता येते. या सेवेसाठी मोठ्या बँका साधारणतः १० ते १५ डॉलर आकारतात. जुन्या भाषेत ही हुंडणावळच म्हणावयाची.

याच्याशी मिळतेजुळते आणखी दोन कागद आहेत. 'सर्टिफाइड चेक' हा खातेदाराचा स्वतःचाच धनादेश असतो. बँक त्यावर शिक्का मारून तो वटविण्याची हमी घेते आणि सहसा तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवते. 'मनी ऑर्डर' छोट्या रकमांसाठी असते. अमेरिकी टपाल खात्याची देशांतर्गत मनी ऑर्डर १,००० डॉलरपेक्षा अधिक रकमेची मिळत नाही. त्यामुळे घराची अनामत रक्कम, मोटारीची किंमत किंवा घरखरेदीच्या अखेरच्या दिवशी द्यावयाची रक्कम यांसाठी कॅशियर्स चेकच मागितला जातो.

म्हणजे मुनिमाच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे उत्तम आहेत. काढणारी बँक, देणारीही बँक. मात्र हा भरवसा खऱ्या धनादेशाचा आहे.

कोठे वटवावा

ज्याच्या नावे धनादेश आहे त्याच्यापुढे चार मार्ग असतात.

पहिला मार्ग धनादेश काढणाऱ्या बँकेच्या शाखेचा. आपले तेथे खाते नसले तरी ओळखपत्र दाखवून अनेकदा रोख रक्कम मिळते. काही बँका खाते नसलेल्यांकडून शुल्क घेतात, काही मोठ्या रकमेस नकार देतात; म्हणून आधी दूरध्वनीवर विचारून जावे. खरेखोटे ठरविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्गही हाच, कारण आपण काढलेला कागद त्याच बँकेला ओळखता येतो.

दुसरा मार्ग स्वतःच्या बँकेचा किंवा 'क्रेडिट युनियन'चा, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेचा. येथे धनादेश खात्यात भरला जातो. नेहमीच्या व्यवहारासाठी हा मार्ग सोयीचा आणि बहुधा विनाशुल्क असतो.

तिसरा मार्ग वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांतील पैशाच्या खिडकीचा. तेथे ठरावीक मर्यादेपर्यंत आणि थोडे शुल्क घेऊन असे धनादेश वटवून देतात.

चौथा मार्ग केवळ धनादेश वटवून देणाऱ्या दुकानांचा. ती उशिरापर्यंत उघडी असतात, परंतु बरेचदा रकमेच्या टक्केवारीने शुल्क कापतात. हजारो डॉलरच्या धनादेशावर ही कपात मोठी होते. ज्याचे बँकेत खाते आहे त्याने या दुकानाची पायरी चढण्याचे कारण नाही.

चारही ठिकाणी शासकीय ओळखपत्र लागते आणि धनादेशावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी जुळावे लागते. भारतीय नावांबाबत येथे अडचण येते. पारपत्रावर वडिलांचे नाव मधे असते, आडनाव कधी आधी तर कधी नंतर येते. धनादेश देणाऱ्याला ओळखपत्रावरील नाव जसेच्या तसे लिहून द्यावे म्हणजे पुढील हेलपाटे वाचतात. आणखी एक सावधगिरी म्हणजे धनादेशाच्या पाठीवरील स्वाक्षरी बँकेच्या खिडकीसमोर उभे राहूनच करावी. आधीच स्वाक्षरी केलेला कागद हरवला तर तो दुसऱ्याच्या हाती सहज उपयोगी पडू शकतो.

'उपलब्ध' आणि 'वसूल' यांतील अंतर

आता मुनिमाच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. धनादेश घेऊन आलेला मनुष्य कोण?

समजा, व्यापारी घरातील एक तरुण न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याने जुनी मोटार ४,५०० डॉलरला विकावयास काढली. शुक्रवारी सायंकाळी एक गिऱ्हाईक आले. घासाघीस नाही, मोटारीची नीट पाहणीही नाही. त्याने नामांकित बँकेचा कॅशियर्स चेक पुढे केला, पण तो होता ५,४०० डॉलरचा. खुलासाही तयार होता. मोटार दुसऱ्या राज्यात न्यावयाची आहे, बँकेने वाहतुकीची रक्कम चुकून याच धनादेशात धरली, तेव्हा वरचे ९०० डॉलर वाहतूकदाराला पाठवून द्यावेत.

तरुणाने घाई केली नाही. सोमवारी बँकेत जाऊन त्याने धनादेश स्वतः भरला. मंगळवारी खात्यात ५,४०० डॉलर दिसू लागले. पूर्वीची शिल्लक १,६०० डॉलर होती. आता ७,००० झाली. पैसे आले असे समजून त्याने ९०० डॉलर पाठविले आणि मोटारीची कागदपत्रे व किल्ली देऊन टाकली. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस बँकेचे पत्र आले. धनादेश बनावट होता. खात्यातील ६,१०० मधून बँकेने ५,४०० परत घेतले आणि ७०० उरले. मोटार गेली, ९०० डॉलरही गेले. हिशेब मांडला तर एकूण तोटा बरोबर ५,४०० डॉलरचा भरतो, म्हणजे खोट्या कागदावर जेवढा आकडा छापला होता तेवढाच.

त्याची चूक कोठे झाली? खात्यात दिसणारी रक्कम त्याने वसूल झालेली रक्कम मानली. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानुसार आणि फेडरल रिझर्व्हच्या 'रेग्युलेशन सीसी' या नियमानुसार, कॅशियर्स चेक ज्याच्या नावे आहे त्याने स्वतःच्या खात्यात, बँकेच्या कर्मचाऱ्याच्या हाती भरला तर रक्कम सामान्यतः पुढच्याच कामकाजाच्या दिवशी वापरण्यास उपलब्ध करून द्यावी लागते. नवे खाते, फार मोठी रक्कम किंवा संशयाचे ठोस कारण असेल तर बँकेला विलंब करता येतो. यंत्रात भरलेल्या धनादेशाला अधिक दिवस लागू शकतात. ग्राहकाचे पैसे बँकेने उगाच अडकवून ठेवू नयेत हा या नियमाचा चांगला हेतू होय. परंतु ही एक प्रकारची उचल असते. धनादेश ज्या बँकेच्या नावे आहे तेथे पोहोचून खरा ठरेपर्यंत ती कच्चीच राहते. बनावट कागद उघडकीस येण्यास कित्येकदा आठवडे लागतात आणि तो परत आला की तोटा भरणाऱ्याच्या माथी येतो. लबाड माणसाला या दोन तारखांमधील अंतर पक्के ठाऊक असते. त्याचा सारा धंदा त्या अंतरावर चालतो.

रोकडवहीत जमा लिहिले म्हणजे रक्कम पक्की झाली असे पेढीवर कोणी मानत नसे. हुंडीचे पैसे प्रत्यक्ष हाती येऊन ती 'खोका' होईपर्यंत, म्हणजे चुकती होऊन रद्द ठरेपर्यंत, व्यवहार मनात उघडाच राहत असे. अमेरिकेतील तरुणाला सांगावयाचे ते एवढेच.

खात्री कशी करावी

सौदा मोठा असेल तर गिऱ्हाइकाबरोबर त्याच्याच बँकेत जावे आणि धनादेश आपल्या डोळ्यांदेखत काढवून घ्यावा. यासारखा निर्धोक उपाय दुसरा नाही. प्रामाणिक माणसाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही; उलट त्याचाही वेळ वाचतो. म्हणूनच सौदा बँक उघडी असताना करावा. शनिवारी सायंकाळी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी घाई करणाऱ्याला सोमवारची वेळ द्यावी. तो सोमवारी आला नाही, तर न आलेल्या गिऱ्हाइकाने लाभच करून दिला असे समजावे.

हे शक्य नसेल तर धनादेशावरील बँकेला दूरध्वनी करून क्रमांक, तारीख, रक्कम आणि नाव यांची पडताळणी करावी. मात्र धनादेशावर छापलेला दूरध्वनी क्रमांक वापरू नये. खोट्या कागदावर क्रमांकही खोटा असतो आणि पलीकडे उत्तर द्यायला त्यांचाच माणूस बसलेला असतो. बँकेचा क्रमांक तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. त्या नावाची बँक खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे ठेव विमा महामंडळाच्या म्हणजे एफडीआयसीच्या यादीत पाहता येते.

ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा धनादेश आणि वरची रक्कम परत पाठविण्याची विनंती हे लबाडीचे लक्षण होय. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन हा ग्राहकसंरक्षण विभाग याविषयी सातत्याने सावध करतो. खरे गिऱ्हाईक चूक झाली असेल तर धनादेश परत घेऊन योग्य रकमेचा आणून देईल. परकी लॉटरी, घरबसल्या नोकरीचा पहिला पगार, न पाहिलेल्या भाडेकरूची अनामत अशी रूपे बदलतात, पण मागणी शेवटी एकच असते: धनादेश भरा आणि त्यातील काही रक्कम पुढे पाठवा.

हरवला तर

कॅशियर्स चेक एकदा दिल्यावर साध्या धनादेशाप्रमाणे त्याचे पैसे थांबविता येत नाहीत. माल पसंत पडला नाही म्हणून बँक तो अडवीत नाही. त्यामुळे देणाऱ्यानेही तो हातचा सोडण्याआधी पूर्ण विचार करावा.

तो हरवला किंवा चोरीला गेला तर बँकेत तसे प्रतिज्ञापूर्वक निवेदन द्यावे लागते. सामान्य नियम असा की धनादेशाच्या तारखेपासून ९० दिवस उलटेपर्यंत बँक त्या दाव्यावर पैसे देण्यास बांधील नसते. दरम्यान मूळ धनादेश कोणी हक्काने आणला तर तिला त्याचे पैसे द्यावे लागतात. त्याआधी नवा धनादेश हवा असेल तर बँक हमीपत्र किंवा विमा कंपनीची हमी मागू शकते. म्हणून धनादेशासोबत मिळालेली पावती आणि त्याची छायाप्रत वेगळी जपून ठेवावी. हुंडीच्या रिवाजात हरवलेल्या मूळ हुंडीऐवजी 'पैठ' आणि तीही हरवली तर 'परपैठ' लिहून देण्याची सोय होती. अडचण जुनीच आहे, उपायही फारसा निराळा नाही.

भारतातील भावंडे

भारतात कॅशियर्स चेकचे काम 'पे ऑर्डर' अथवा 'बँकर्स चेक' आणि 'डिमांड ड्राफ्ट' हे कागद करतात. पहिला सामान्यतः त्याच गावात वटतो. दुसरा एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेला असतो आणि दूरगावी चालतो. दोन्हींची रक्कम बँक आधीच घेते, म्हणून त्यांचीही पत तशीच.

त्यांचे नियम मात्र अधिक काटेकोर आहेत. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा ड्राफ्ट रोख पैशांवर मिळत नाही. रक्कम खात्यातूनच द्यावी लागते. २०,००० रुपये व त्यापुढील ड्राफ्ट 'अकाउंट पेयी' अशा रेघांसह निघतो, म्हणजे तो खिडकीवर रोख वटत नाही, ज्याच्या नावे आहे त्याच्या खात्यातच जमा होतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश, ड्राफ्ट आणि पे ऑर्डर यांची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली. मुदत उलटली तरी पैसे बुडत नाहीत. काढणाऱ्या शाखेत जाऊन ड्राफ्टची मुदत नव्याने करून घ्यावी लागते. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट काढून घेणाऱ्याचे नावही कागदावर छापले जाते. पूर्वी हा कागद निनावी राहत असे. आता तो कोणाच्या पैशांवर निघाला हे दिसते.

घाऊक बाजारात मात्र एक जुनी सवय अद्याप टिकून आहे. ड्राफ्टचे छायाचित्र मोबाइलवर आले की माल गाडीत भरला जातो. छायाचित्र म्हणजे ड्राफ्ट नव्हे. ते खऱ्या कागदाचे असले तरी तो कागद रद्द करून घेण्यासाठी बँकेत परत जाऊ शकतो. मूळ कागद हाती यावा, काढणाऱ्या शाखेकडून त्याची खात्री व्हावी आणि रक्कम खात्यात वसूल व्हावी. नव्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत माल त्यानंतरच हलवावा. आरटीजीएससारखी सोय हाताशी असताना अनोळखी माणसाने ड्राफ्टचाच आग्रह का धरावा, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अमेरिकेतून मुलाने पाठविलेला कॅशियर्स चेक भारतात वटवावा का, असेही विचारले जाते. शक्यतो ते टाळावे. डॉलरमधील धनादेश येथील बँकेला वसुलीसाठी परदेशी पाठवावा लागतो. त्यात आठवडे जातात, दोन्हीकडचे शुल्क कापले जाते आणि अनेक बँकांनी ही सेवा आता मर्यादित केली आहे. बँकेतून बँकेत थेट रक्कम पाठविणे हाच सरळ मार्ग.

तिसरा प्रश्न

१८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम करताना इंग्रज सरकारने देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात अबाधित राखले. त्या रिवाजांत 'शाहजोग' नावाची हुंडी होती. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, वाटेवरच्या कोणालाही नव्हे. हुंडी खोटी निघाली तर घेतलेली रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर असे. कागदामागे ओळखीचा माणूस उभा असावा, हा त्यामागील विचार होता.

आजच्या बँकेच्या कागदावर पाणचिन्ह आहे, सूक्ष्म अक्षरे आहेत, अधिकाऱ्याची स्वाक्षरी आहे. परंतु चांगला छपाईयंत्रवालाही हे सारे साधू शकतो. साधता येत नाही ती काढणाऱ्या बँकेच्या वहीतील नोंद. म्हणून परदेशी राहणाऱ्या मुलाचा सौद्याविषयी फोन आला तर वडिलांनी धनादेश कितीचा आहे हे नंतर विचारावे. आधी विचारावे, तो आणणारा कोण आणि ज्या बँकेने तो काढला तिने होय म्हटले का. तोवर मोटारीची किल्ली खिशातच राहू द्यावी.